काटेरी पट्ट्यांचा हिवाळा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या मैदानावर चुन्याच्या रेघा पडायला लागतात. पोलीस भरती जवळ आल्याची ती खूण. मग रोज सकाळी धुक्यातून पोरंपोरी येतात, कडेच्या लिंबाखाली चपला काढतात आणि पळायला लागतात. मी या शहरात फौजदार म्हणून आले त्याला आता काही वर्षं झाली. शहर मोठं म्हणावं असं नाही आणि लहानही राहिलेलं नाही. सकाळी दूधवाले आणि आमचं मैदान, एवढेच जागे असतात. मी कडेला उभी राहून त्या मुलींना बघते. धुक्यात आधी पावलं ऐकू येतात, मग श्वास, आणि मग कधीतरी माणूस दिसतं. त्या मधल्या वेळात माझ्या मानेवर अजूनही काटा येतो. मी ज्या रस्त्यावर पळायला शिकले, तिथं पावलं ऐकू आली म्हणजे पुढे माणूसच दिसेल असा भरवसा नसायचा.

आमचं गाव महाळुंगे पडवळ. गावाबाहेर कालव्याच्या कडेनं मातीचा रस्ता जातो आणि दोन्ही अंगांना ऊस. त्या हिवाळ्यात ऊस तुऱ्यावर आला होता. सकाळी दवानं जड झालेले पांढरे तुरे धुक्यात लोंबायचे, आणि खाली, मुळाशी, भर दिवसाही संध्याकाळ असायची. तसे आमच्याकडे बिबटे नवे नाहीत. उसातच जन्मतात, उसातच वाढतात, वाडीवरची कुत्री उचलतात, आणि तोड सुरू झाली की बिथरतात. पण त्या वर्षी आसपासच्या गावांतून माणसं उचलल्याच्या बातम्या यायला लागल्या आणि सगळ्यांचं वागणंच बदललं. एकेकटं कुणी चालेना. चाललंच तर मोठमोठ्यानं बोलत, नाहीतर मोबाईलवर गाणी लावून. शाळा लवकर सुटायची. दिवस कलला की देवळाच्या भोंग्यावरून हाक यायची, ‘पोरं घरात घ्या, गुरं आत बांधा.’ त्यानंतर गाव इतकं गप्प व्हायचं की कुणाच्या घरात झाकणी पडली तरी चार घरं दचकायची.

आणि बायकांच्या गळ्यात पट्टे आले. धनगर आपल्या कुत्र्यांना घालतात तसे, जाड रेक्झिनचे, बाहेरच्या बाजूनं खिळ्यांची टोकं काढलेले. बिबट्या मान धरतो, म्हणून मान राखायची. कांद्याच्या वाफ्यात वाकलेली बायकांची रांग आणि प्रत्येकीच्या मानेवर उन्हात लखलखणारे खिळे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. मग लक्षात आलं की दुसरं कुणीच हसत नाहीये.

मी आणि पूनम तसलेच पट्टे घालून पळायचो. पूनम मंचरहून स्कूटीवर यायची. तिच्या वडलांचं तिथल्या पेठेत कापडाचं दुकान. मूळचे राजस्थानातले जैन, पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले, घरात मारवाडी कमी आणि मराठी जास्त. आमची ओळख मंचरच्या अभ्यासिकेत झाली. दोघींनाही फौजदार व्हायचं होतं. तिचे वडील कापडाचं ठाण घडी करता करता म्हणायचे, “पूनम बेटा, आपल्यात कुणी पोलीस झालंय का? आपण मुंगी वाचवून पाय टाकणारी माणसं.”

“पप्पा, चोर मुंगीपेक्षा मोठा असतो,” पूनम म्हणायची. “पायाखाली येत नाही तो.”

तिची एकच अडचण होती, उंचीची. नियमात बसायला तिला अगदी जरासं कमी पडत होतं. पळून आलो की ती आमच्या गोठ्याच्या आडव्या पायपाला लोंबकळायची आणि खालून मला विचारायची, “वाढले का गं?” म्हैस मान वळवून तिच्याकडे बघत राहायची.

कालव्याच्या वळणावर वनखात्यानं पिंजरा लावला होता. आतल्या कप्प्यात, जाळीपलीकडे, एक शेळी. ती आम्हाला ओळखायला लागली होती. पूनम खिशातून मेथीच्या काड्या आणायची आणि जाळीतून आत सारायची. लांबून आमची पावलं ऐकली की शेळी ओरडायची. ते ओरडणं आमच्यासाठी बरं होतं. ज्या दिवशी वळण जवळ येऊनही शेळी ओरडली नाही, त्या दिवशी आम्ही एकमेकींकडे न बघता तिथूनच मागं फिरायचो. का, हे दोघींनी कधी बोलून दाखवलं नाही.

काही दिवस असे गेले की उसातून आमच्याबरोबर काहीतरी चालायचं. पाचटावर हलका, सावकाश आवाज. आम्ही वेग वाढवला की तो वाढायचा, थांबलो की थांबायचा. “वारं असेल,” पूनम म्हणायची. तुरे हलत नसायचे. एकदा परत येताना रस्त्याच्या ओल्या मातीत आमच्याच बुटांचे ठसे दिसले, जाताना उमटलेले. माझ्या टाचेच्या ठशावर एक गोल, रुंद पाऊल ठेवलेलं होतं. कुत्र्यासारखी नखं नव्हती उमटलेली. पूनम खाली बसली, त्या पावलावर तिनं आपला तळवा धरला, टेकवला नाही. तळव्याखालून ते सगळ्या बाजूंनी बाहेर येत होतं.

“घरी सांगायचं?” तिनं विचारलं.

“सांगितलं तर पळणं बंद,” मी म्हणाले.

आम्ही सांगितलं नाही.

हिराकाकूचं घर आमच्या घराला लागून. भिंतीला भिंत. काकू म्हणजे किसनतात्यांची बायको. तात्या आमच्याच भावकीतले, गावात वजन असलेले, सोसायटीत, देवळाच्या कमिटीत, सगळीकडे पुढे. काकू कमी बोलायची. दळण आणायला जाताना रस्त्याच्या कडेकडेनं, भिंतीला धरून जायची. भिंतीपलीकडून कधीकधी भांडी पडल्याचे आवाज यायचे, मग काहीच आवाज यायचा नाही. आई तेव्हा आमच्या टीव्हीचा आवाज वाढवायची.

पट्टे वाटले गेले त्या दिवसापासून काकूनं आपला पट्टा काढलाच नाही. शेतातून आली तरी गळ्यात, भाकरी थापतानाही गळ्यात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरी आली, तर नव्या साडीच्या पदराखालून खिळे वर आलेले. बायका हसल्या.

“हिरे, घरात कुटला आलाय बिबट्या?”

काकूही हसली. “ऱ्हाऊ दे. सवय झाली,” म्हणाली, आणि वाण घेताना पदर पुन्हा मानेवर ओढून घेतला. मला आठवतं, तिळगूळ देताना आईचा हात जरा थांबला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी, हिराकाकू शेतातून नाहीशी झाली.

त्यांच्या कांद्याच्या वाफ्याला लागून तात्यांचाच ऊस होता. तात्या मोटर बघायला विहिरीवर गेले आणि परत आले, तर बांधावर बायको नव्हती. त्यांनी हाका मारल्या, मग माणसं जमली. अंधार पडेपर्यंत लोकांनी डबे वाजवत ओढ्याच्या बाजूला शोधलं. तिकडेच, कारण बिबट्या भक्ष्य पाण्याकडे नेतो असं कुणीतरी म्हणालं. अंधार पडल्यावर कुणी उसाजवळही थांबायला तयार होईना. भोंग्यावरून तिचं नाव सांगत राहिले. ते नाव इतक्या मोठ्यानं गावात कधी कुणी घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पळालो नाही. पूनम आली होती, पण स्कूटी आमच्या दारात लावून आम्ही दोघी आईबरोबर तात्यांच्या शेतावर गेलो. तिथं सगळा गाव लोटला होता, शेजारच्या गावांचीही माणसं. तरण्या पोरांचा आरडाओरडा चालला होता, “रास्ता रोको करू राव! बिबट्या धरल्याबिगर हालायचं न्हाई!” किसनतात्या बाभळीखाली डोक्याला टॉवेल लावून बसले होते. “माझी लक्ष्मी नेली हो,” म्हणत होते. लोक त्यांच्या खांद्यावर हात ठेवत होते.

बांधावर तिच्या चपला होत्या. एकीला एक लावून, देवळाबाहेर काढाव्यात तशा. शेजारी खुरपं मातीत उभं रोवलेलं. आणि बाभळीच्या खालच्या फांदीला तिचा पट्टा अडकवलेला, खिळे बाहेर. धुक्यातून ऊन येत होतं आणि तो पट्टा हळूहळू फिरत होता.

मी त्याच्याकडे बघत राहिले. आजूबाजूला एवढा गोंगाट, आणि मला मात्र तो पट्टा फिरताना दोरीचा करकर आवाज येतोय असं वाटत होतं. दोरी नव्हतीच तिथं. बक्कल फांदीवर घासत होतं.

तालुक्याहून पोलीस आले. त्यांच्यात एक बाई फौजदार होत्या, चाळिशीच्या, बुटांवर धूळ, डोळ्यांखाली जागरण. त्यांनी गर्दी मागं सारली आणि चपलांजवळ उकिडव्या बसल्या.

“हे कुणी हलवलंय?”

“न्हाई मॅडम,” एक जण म्हणाला. “जसं व्हतं तसंच हाये. बिबट्यानं झडप घातली, बाईला वरडायलासुदीक टाइम मिळाला न्हाई.”

बाई तशाच बसून होत्या. त्या वाफ्याकडे बघत होत्या. मऊ, ओली माती, आदल्या दिवशीच पाणी दिलेली. कांद्याची रोपं सरळ उभी. ओढल्याची खूण नाही, रक्त नाही.

मी कधी पुढे झाले मला आठवत नाही. आवाज माझाच होता एवढं खरं.

“मॅडम, पट्टा तुटलेला नाही. बक्कल काढलंय.”

बाईंनी मान वर केली. “तू कोण?”

“अर्चना. त्यांच्या शेजारची.”

“मग काय वाटतं तुला?”

“काकू पट्टा कधी काढायच्या नाहीत,” मी म्हणाले. “घरातसुद्धा नाही. झोपतानाही गळ्यातच असायचा.”

“अर्चे,” मागून आण्णा, माझे वडील, दबक्या आवाजात म्हणाले, “घरी चल.”

बाई फौजदार उठल्या. “घरात कशाला घालायच्या?” त्यांनी विचारलं, मला नाही, सगळ्यांना.

माझ्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळला. आमच्या आळीतल्या बायका ओळीनं उभ्या होत्या. एकीनंही वर पाहिलं नाही. जी ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती आणि प्रत्येकीच्या गळ्यात खिळे होते. बाभळीखाली तात्यांचं रडणं थांबलं होतं. त्यांनी टॉवेल खाली घेतला होता आणि ते माझ्याकडे बघत होते. तशी नजर मी नंतर नोकरीत पुष्कळदा पाहिली, पण सवय काही झाली नाही. तीत राग नव्हता. नुसती मोजणारी, थंड नजर होती ती.

“ओढ्याकडचा शोध बंद करा,” बाई म्हणाल्या. “बाई चालत गेलेली आहे. ऊस बघा. डबे वाजवू नका, नाव घेऊन हाका मारा.”

उसात शिरायला कुणी पुढे होईना. वनखात्याची माणसं काठ्या घेऊन तयार झाली, पण फड मोठा होता. मघाशी रास्ता रोको करायला निघालेली पोरं मोबाईल बघायला लागली. तेव्हा आईनं आपल्या पट्ट्याचं बक्कल चाचपलं, पदर खोचला आणि कुणाला काही न सांगता उसात शिरली. तिच्या मागे मी. माझ्या मागे पूनम. मग एकेक करून आळीतल्या बाकीच्या बायका.

उसाच्या आत भर दिवसाही उजेड नसतो. असतो तो हिरवा, बुडलेला, पाण्याखाली असल्यासारखा. पानांच्या कडा गालाला कापतात. पाच पावलांवरचं माणूस दिसत नाही, नुसतं पाचट मोडल्याचं ऐकू येतं. आणि ऐकू येणारं प्रत्येक पाऊल आपल्यातल्याच कुणाचं आहे हे मानावं लागतं. “हिरे! ए हिरे!” आई हाका मारत होती. पूनम माझ्या मागे ओठांतल्या ओठांत नवकार मंत्र म्हणत होती. काही वेळानं मला जाणवलं की बाकीच्या हाका डावीकडे गेल्यात आणि आमच्या उजव्या हाताला कुणीच नाही, तरी तिकडून पाचट मोडतंय. सावकाश. आमच्याच चालीनं.

मी पूनमचा हात धरला. तो आवाज थांबला. आम्ही त्याच बाजूला वळलो. का वळलो, हे मी आजही नीट सांगू शकत नाही.

चारपाच सऱ्या ओलांडल्यावर ऊस लोळून मोकळी जागा झाली होती, खोलीएवढी. तिथं हिराकाकू बसली होती. पाय पोटाशी घेतलेले, केस सुटलेले, अंगावर पाचटाचे तुकडे. गळा उघडा. त्या गळ्यावर जुन्या आणि नव्या निळ्या खुणा होत्या, बोटांच्या. दातांची खूण कुठंच नव्हती.

मी ओरडणार, तेवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू,” काकू म्हणाली. “आत्ता कुटं डोळा लागलाय त्याचा.”

तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, पाचट दबून बशीसारखा खळगा झाला होता. तो रिकामा होता. पूनम वाकली आणि तिनं त्यात हात ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

“गरम आहे,” ती म्हणाली.

वनखात्याच्या माणसांनी नंतर पाहिलं. काकूभोवती पावलं होती, मोठी, आणि त्यांत बारकी, पिलांची. वेढा घातल्यासारखी गोल फिरलेली, पुनःपुन्हा. कुठंही झडपेची खूण नाही. एक वयस्क वनरक्षक टोपी काढून डोकं खाजवत राहिला. “पोट भरलेलं असंल,” एवढंच तो म्हणाला, पण त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसलेला दिसला नाही.

दवाखान्यात बाई फौजदार काकूच्या खाटेशी बसल्या. मी आणि आई दाराशी उभ्या होतो. बाईंनी कागद अजून काढला नव्हता.

“रात्रभर तिथं भीती नाही वाटली?” त्यांनी विचारलं.

“वाटली की,” काकू म्हणाली. “लई वाटली. मरायलाच गेले व्हते मी, म्हनून पट्टा काढला. म्हनलं न्यायचं आसंल तर नेऊ दे. ते आलं. बसलं. श्वास येत व्हता त्याचा अंगावर.” ती थांबली. “मॅडम, नुसतं बसून व्हतं वं. माझ्यापाशी कुनी नुसतं बसून ऱ्हायलंय का कवा?”

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ काही विचारलं नाही. मला वाटतं, फौजदार व्हायचं म्हणजे काय व्हायचं हे मला त्या खोलीत पहिल्यांदा दिसलं. तोवर माझ्या डोक्यात वर्दी होती, गाडी होती, रुबाबात चालणं होतं. ते सगळं बाहेर दारातच राहिलं. आत फक्त एक थकलेली बाई दुसऱ्या बाईच्या खाटेशी बसली होती आणि तिला घाई नव्हती.

तक्रार द्यायची ठरली तेव्हा साक्षीचा प्रश्न आला. भावकीतली दोनचार माणसं आधीच दवाखान्याच्या आवारात येऊन बसली होती. “बाई बिथरलीय, तिला लागीर झालंय,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. आण्णा त्यांच्याजवळ खाली मान घालून उभे होते. “आपल्याला गावात ऱ्हायचंय,” ते आईला म्हणाले. “पाण्याच्या पाळीला उद्या कुनाचं तोंड बघायचं?”

आईनं त्यांच्याकडे पाठ फिरवली. ती सरळ बाई फौजदारांसमोर जाऊन उभी राहिली.

“मी सांगते,” ती म्हणाली. “मी भिंतीपल्याडून ऐकलंय, आन येकदा डोळ्यानं पाह्यलंय. ल्ह्या तुमी.”

बोलताना तिचा हात गळ्याकडे गेला. पट्टा अजून तिथंच होता. तिनं तो काढला आणि खिडकीत ठेवला.

पुढं जे व्हायचं ते झालं. भावकीनं आमच्याशी बोलणं सोडलं. पाण्याच्या पाळीला आमचा नंबर आला की मोटर नेमकी बंद पडायची. देवळात आईनं ठेवलेला नारळ कुणी फोडेना. काही दिवस आमच्या दारावरून जाताना माणसं पाय उचलून चालायची. गावात गोष्टीही वाढत गेल्या. कुणी म्हणे हिराबाईच रात्री बिबट्या होते, कुणी म्हणे तिच्या अंगाला उसाचा वास येतो. तात्यांना अटक झाली, ते जामिनावर सुटून आले आणि पुन्हा देवळाच्या पारावर बसायला लागले. फरक एवढाच पडला की बायका आता पारावरून न जाता मागच्या वाटेनं जायच्या, आणि जाताना गप्प नसायच्या. काकू माहेरी, बोरी बुद्रुकला, भावाकडे गेली.

आमचं पळणं आण्णांनी थांबवलं नाही. एका सकाळी आम्ही निघालो, तर मागून मोटरसायकलचा आवाज. वळून पाहिलं तर आण्णा. मफलर बांधलेला, दिवा लावलेला, आमच्या मागे पंधरावीस हातांवर, सगळ्यात हळू गिअरमध्ये. मी थांबले तसे तेही थांबले.

“पळ की,” ते म्हणाले. “बघती काय?”

त्यानंतर ते रोज आले. आमच्या सावल्या पुढे धुक्यावर पडायच्या, लांब लांब, आणि उसातला तो आवाज पुन्हा कधी ऐकू आला नाही. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला त्याच्यावाचून चुकल्यासारखं झालं.

मी निवडले गेले. पूनम लेखीत माझ्यापेक्षा वर होती, पण मोजपट्टीखाली ती उभी राहिली आणि मोजणाऱ्या बाईंनी मान हलवली. पूनमनं पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. बाहेर आली तेव्हा ती हसत होती. एसटी स्टँडवर उसाचा रस प्यायलो, तेव्हा मात्र ग्लास धरून रडली. नंतर तिनं वकिली केली. हिराकाकूची बाजू मांडणाऱ्या सरकारी वकिलाच्या शेजारी, नवाकोरा काळा कोट घालून, ती प्रत्येक तारखेला बसली. साक्षीच्या दिवशी आईला पिंजऱ्यात उभं राहायचं होतं. पूनम तिच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाली आणि आई हसली. काय म्हणाली हे दोघींनीही मला अजून सांगितलेलं नाही. तात्यांना शिक्षा झाली. थोडी झाली असं मला वाटतं. काकूला विचारलं तर ती म्हणाली, “झाली न्हवं? मग झालं.”

या शहरात ऊस नाही. रुंद रस्ते आहेत, सोसायट्या आहेत, दारांवर तोरणं आणि वर कॅमेरे. एखाद्या घरी जावं लागतं. दार उघडतं, घर स्वच्छ असतं, चहा पुढे येतो, सगळे सांगतात की काहीच झालेलं नाही, शेजाऱ्यांचा गैरसमज झालाय. मी बसते. स्वयंपाकघराच्या दारात एखादी बाई उभी असते, वैशाखातही मनगटापर्यंत बाह्या ओढलेली. त्या वेळी त्या लखलखीत खोलीत मला पाचट मोडल्याचा आवाज येतो. माझ्याबरोबरचे हवालदार म्हणतात, “मॅडम, निघायचं का?” मी म्हणते, जरा बसू. आणि आम्ही बसतो. पुष्कळदा त्यातून काहीच निघत नाही. कधीकधी चहाचा कप उचलायला आलेली बाई उचलता उचलता थांबते.

दर हिवाळ्यात एकदा मी बोरीला जाते. या वर्षीही गेले. काकूचं घर वाडीवर आहे, मळ्यात, कुकडीच्या पाण्यावरचा ऊस अगदी अंगणापर्यंत आलेला. ती आता जाड झालीय, मोठ्यानं बोलते. गळ्यात काही घालत नाही, साधा मणीसुद्धा नाही. तिनं मला मासवडी खाऊ घातली, भावाच्या नातवाचे लाड केले, पूनमच्या लग्नाची चौकशी केली. आम्ही त्या दिवसाबद्दल कधीच बोलत नाही.

निघाले तेव्हा दिवस नुकता मावळला होता. आकाशात उजेड होता, जमिनीवर नव्हता. मी गाडीत बसले, किल्ली लावली. काकू निरोप द्यायला फाटकाशी आली होती. एकाएकी तिनं हात वर केला.

“चालू करू नको.”

“का गं काकू?”

“जाऊ दे आदी.”

मी समोर पाहिलं. दोन्हीकडं ऊस, मधे चाकोरीचा रस्ता, रिकामा. एक पान हलत नव्हतं. अंगणातल्या खाटेखालचा कुत्रा उठला, शेपूट पायांत घालून घरात गेला. काकू रस्त्याकडे बघत होती आणि तिची मान हळूहळू डावीकडून उजवीकडे वळत होती, कुणीतरी आपल्यासमोरून सावकाश चालत जावं आणि आपण त्याला नजरेनं पोचवावं तशी. चेहऱ्यावर भीती नव्हती. आपल्या माणसाकडे बघावं तसं काहीतरी होतं.

मला काहीच दिसलं नाही. मी एवढी माणसं वाचायला शिकलेली बाई, डोळे फाडून बघत होते आणि मला नुसता रस्ता दिसत होता.

“गेलं?” मी हळूच विचारलं.

“ती गेली,” काकू म्हणाली. हात तिनं अजून खाली घेतला नव्हता. “थांब. पिल्लं ऱ्हायल्यात.”

मी किल्ली काढून मांडीवर ठेवली, काच पुरती खाली घेतली आणि तिच्याबरोबर थांबून राहिले.